ओरखडा दिसला, उंची दिसली नाही

‘हा अहवाल केवळ डोळ्यांनी केलेल्या पाहणीवर आधारित आहे. बांधकामात लागू असलेल्या नियमांचे व संहितांचे पालन झाले आहे की नाही, हे तपासणे आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही.’

नव्या घराची तपासणी करून देणाऱ्या एका कंपनीच्या अहवालात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं हे वाक्य. मूळ इंग्रजीत आहे, मराठी माझं. त्याआधीची पंचेचाळीस पानं रंगीत फोटोंची. फोटोत लाल वर्तुळं, वर्तुळाखाली दोष. हे वाक्य वाचलं की त्या पंचेचाळीस पानांचं काय करायचं, असा प्रश्न मला पडतो. नव्या घरात तपासण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट जर काही असेल, तर ती हीच, की ते नियमाप्रमाणे बांधलंय का. ती सोडून बाकी सगळं तपासणार, म्हणजे डॉक्टरने पेशंटचे बूट पॉलिश आहेत का ते बघून पाठवण्यासारखं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नवं घर तपासणाऱ्याला इमारतीचे नियम यायलाच हवेत. त्याने नियमपालनाचं सर्टिफिकेट द्यावं असं मी म्हणत नाही. ते त्याचं काम नाही, तो अधिकारही त्याला नाही. पण नियम ठाऊक नसताना तो जे बघतो, ते बघणं नव्हेच.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. आठ वर्षं विरार ते बोईसर पट्ट्यात साइटवर काढली आहेत आणि राहतो चंदनसारला. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त वाचण्याचा नाही.

होम इन्स्पेक्शन हा धंदा आपल्याकडे नवा आहे. मुंबई, पुणे, बेंगळुरू इथे तो गेल्या दहाएक वर्षांत वाढला. तुम्ही रील्स पाहिल्या असतील. टी-शर्टवर कंपनीचा लोगो घातलेला मुलगा, हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला गोळी. तो टाइल वाजवत जातो, कुठेतरी ‘ठक’ऐवजी ‘ढब’ आवाज येतो, मग तो कॅमेऱ्याकडे बघतो. लोकांना हे आवडतं. मलाही आवडतं. पोकळ टाइल वर्षभरात उचकटते, तेव्हा ती शोधणं वाईट नाही. थर्मल कॅमेऱ्याने भिंतीतली ओल पकडणं तर खरंच उपयोगाचं आहे. पण टाइल हा घराचा कपडा आहे, हाड नव्हे.

आता मामेभावाचं घर. त्याने चंदनसारलाच नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. कर्ज वीस वर्षांचं. ताबा घेण्याआधी त्याने आठ हजार रुपये देऊन ही तपासणी करून घेतली आणि पीडीएफ मला पाठवली. ‘दादा, एकदा नजर टाक ना.’ मी पीडीएफ वाचली आणि रविवारी टेप घेऊन घरी गेलो.

अहवालात बाल्कनीच्या रेलिंगचा फोटो होता. रेलिंगवर दोन इंचांचा ओरखडा, त्याभोवती लाल वर्तुळ, शेरा ‘रंगकाम आवश्यक’. मी रेलिंगची उंची मोजली. तयार फरशीपासून ८६ सेंटिमीटर. राष्ट्रीय इमारत संहिता बाल्कनी आणि गच्चीच्या कठड्याला किमान एक मीटर उंची सांगते. मामेभावाची मुलगी चार वर्षांची आहे. ज्या माणसाने त्या रेलिंगवर कॅमेरा रोखला, ओरखड्यावर फोकस केला, त्याला चौदा सेंटिमीटरची उणीव दिसली नाही. त्याचे डोळे चांगले होते. एक मीटर हा आकडाच त्याच्या डोक्यात नव्हता, म्हणून मोजावंसं वाटलं नाही.

विजेचंही तसंच. ‘सर्व स्विच व सॉकेट चालू स्थितीत.’ बरोबर, होते चालू. पण डिस्ट्रिब्यूशन बोर्ड उघडला तर आत नुसत्या एमसीबी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की क्षणात पुरवठा तोडणारी आरसीसीबी वेगळी असते. घरगुती वापराला ती ३० मिलिअँपिअरची लागते. गिझर असलेल्या घरात ती नाही आणि अहवालात हिरवी टिकमार्क.

तिसरी गोष्ट बघून मात्र मी खाली बसलो. बाथरूमचं फॉल्स सीलिंग सरकवलं, तर वर बीममधून ड्रेनेजचा पाइप आरपार काढलेला. बीम ओतताना स्लीव्ह ठेवून नव्हे, नंतर भोक पाडून. भोकाच्या कडेला कापलेल्या सळईचं टोक चकाकत होतं. अहवालाने इथे लिहिलं होतं ‘गळती आढळली नाही.’ हेही खरंच आहे. पाइप गळत नव्हता.

नंतर मामेभावाने बिल्डरला पत्र दिलं. ओरखडा दोन दिवसांत रंगवून मिळाला. रेलिंगबद्दल तोंडी उत्तर आलं, ‘सगळ्या फ्लॅटला हेच आहे.’ मग आम्ही दुसरं पत्र लिहिलं. त्यात ‘रेलिंग कमी वाटते’ असं नव्हतं. मोजलेली उंची, संहितेतली उंची आणि रेरा कायद्याचं कलम १४, एवढंच होतं. आठवड्यात वेल्डिंगवाला आला आणि वरून एक पाइप वाढवून गेला. बीमसाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा लेखी अभिप्राय मागितला आहे, तो आल्याशिवाय ताबा नाही असं कळवलंय. इमारत तीच, बिल्डरही तोच. पहिल्या पत्रात मत होतं आणि दुसऱ्यात आकडा.

‘नियम आमच्या कक्षेत नाही’ हे वाक्य आलं कुठून? अमेरिकेतून. तिथल्या होम इन्स्पेक्टरांच्या दोन मोठ्या संघटना आहेत, ‘आशी’ आणि ‘इंटरनॅची’. दोघींच्याही कार्यपद्धतीत हे स्पष्ट आहे की इन्स्पेक्टरवर कोडचं पालन ठरवण्याचं बंधन नाही. आपल्याकडच्या कंपन्यांनी चेकलिस्ट तिकडून घेतली, तिच्यासोबत ही तळटीपही आली. पण तिकडे ही तळटीप चालते त्याला कारण आहे. तिथे नवं घर बांधताना स्थानिक प्रशासनाचा कोड इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्याने येतो. पाया ओतण्याआधी येतो, सांगाडा उभा राहिल्यावर येतो, वायरिंग भिंतीत झाकण्याआधी येतो, शेवटी राहण्याचा दाखला देताना येतो. तो नापास करतो, काम थांबतं. म्हणून खासगी इन्स्पेक्टर म्हणू शकतो की ते त्या साहेबाचं काम, मी फक्त छप्पर आणि नळ बघतो. (तिथेही यावरून वाद होतातच. नव्या घराबद्दल तर जास्तच.) आपण तळटीप आयात केली, तो साहेब राहिला तिकडेच.

कागदावर आपल्याकडेही टप्पे आहेत. महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे आणि वसई-विरारही तिच्यात येतं. बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मग जोत्यापर्यंत काम झाल्यावर जोते तपासणी, पूर्णत्वाचा दाखला, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, अर्थात ओसी. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र. पण जोत्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी, बिल्डरच्या पगारावर नसलेला माणूस येऊन कव्हर ब्लॉक मोजतो का? माझ्या आठ वर्षांत मी असा माणूस पाहिला नाही. जे पाहतात ते सगळे, मी धरून, बिल्डरकडून पैसे घेणारे. घर घेणाऱ्याच्या पैशावर येणारा पहिला आणि शेवटचा तांत्रिक माणूस म्हणजे हा दांडीवाला मुलगा. आणि तोच म्हणतो, नियम माझ्याकडे नाहीत.

विरारमध्ये हे बोलताना नारंगी फाट्याजवळच्या रमाबाई अपार्टमेंटचं नाव टाळता येत नाही. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या तारखेला मध्यरात्र उलटता उलटता विजयनगरमधल्या या चार मजली इमारतीचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसं गेली. इमारत साधारण २०१२ ची, पन्नास सदनिकांची. महापालिकेने ती अनधिकृत असल्याचं सांगितलं, बिल्डरला अटक झाली. ज्यांची घरं गेली त्या कुटुंबांची सोय आमच्या चंदनसारच्या समाजमंदिरात केली होती. घराघरांत गणपती बसत होते आणि समाजमंदिरात माणसं.

या इमारतीचं वय बघा, तेरा वर्षं. आता कायद्यांचे आकडे शेजारी ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. पाच आणि तीस. मधली पंचवीस वर्षं सक्तीने कोणी काही बघत नाही. तेरा वर्षांची इमारत याच भुयारात पडली. २०१२ ला रेरा नव्हताच, पण असता तरी त्याची मुदत संपून आठ वर्षं झाली असती आणि ऑडिटला अजून सतरा वर्षं बाकी होती. म्हणून नव्या घराची पहिली तपासणी ही चैन नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती शेवटचीही असते.

कोणी म्हणेल, ती इमारत अनधिकृत होती, अधिकृत घ्या म्हणजे झालं. ठीक. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ जण गेले. पाच मजली इमारत, जेमतेम दहा वर्षांच्या आसपासची. तिथे गुन्हा दाखल झाला तो बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी अशा सगळ्यांवर. कागद तयार करणारे, कागद तपासणारे, दोघेही त्या यादीत. कागद असणं आणि कागदाप्रमाणे बांधलेलं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट घरात उभं राहूनच कळते.

उलट बाजूही आहे. नालासोपाऱ्यात आचोळ्याजवळ अग्रवाल नगरीत ४१ इमारती होत्या. जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. त्या घरांत जाऊन कोणी टाइल वाजवल्या असत्या, तर कित्येक टाइल घट्ट निघाल्या असत्या. नळाला पाणी, भिंती कोरड्या, दारं नीट लागणारी. अहवाल आला असता, घर उत्तम. आणि ते उत्तम घर कचराभूमीच्या आरक्षणावर उभं होतं. आराखडा बघायला ना थर्मल कॅमेरा लागतो, ना दांडी. नियम कुठे लिहिलेले असतात एवढं ठाऊक लागतं.

डोंबिवलीच्या ६५ इमारतींनी आणखी एक गोष्ट शिकवली. महापालिकेची बनावट परवानगीपत्रं जोडून त्यांनी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पाडण्याचे आदेश निघाले. विरारमध्येही पोलिसांनी २०२३ ला असंच बनावट शिक्क्यांचं प्रकरण उघड केलं, त्यात पन्नासहून जास्त इमारती होत्या. म्हणजे जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, पान उघडलं, की झालं, असं नाही. त्या पानावरचा मंजूर नकाशा उघडून तो इमारतीशी ताडून बघणारा कोणीतरी लागतो. परवानगीपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विचारणारा लागतो. मामेभावाच्या इमारतीत नकाशावर तळमजला मोकळा आहे, पार्किंगचा. प्रत्यक्षात तिथे तीन गाळे आहेत आणि एकात मोबाइलचं दुकान सुरूही झालंय. अहवालाने तळमजल्याबद्दल लिहिलं होतं, ‘प्रवेशद्वाराजवळ प्रकाशयोजना समाधानकारक.’

आता आक्षेपांकडे येतो. काही खरे आहेत.

पहिला, की काँक्रीटच्या आतलं दिसत नाही, मग कोड येऊन काय उपयोग? हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण आत काय झालंय याच्या खुणा बाहेर येतात, फक्त त्या वाचता यायला हव्यात. आपल्या भागाचंच उदाहरण घेऊ. काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित राहते, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं. खारी हवा आणि ओल आत शिरली की ते कवच मोडतं, सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून रेटतो आणि काँक्रीट फुटतं. म्हणून आयएस ४५६ हे मानक सांगतं की जागा बघून काँक्रीट ठरवा. आडोशाच्या, सौम्य हवेत एम २० चालेल. किनारपट्टीत पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असाल तर किमान एम २५ आणि सळईवर ३० मिलिमीटर कव्हर. थेट किनारी हवेला उघडे असाल तर एम ३० आणि ४५ मिलिमीटर. कॉलमला कुठेही ४० पेक्षा कमी नको. वसई-विरार काही लातूर नाही. अर्नाळ्याचा समुद्र आणि वैतरणेची खाडी यांच्यामधला हा पट्टा. इथल्या कॉलमचं कव्हर वीस मिलिमीटर ठेवलं, तर ते पहिल्या दिवशी कोणाला दिसत नाही, दहा-बारा वर्षांनी दिसतं.

पाण्याचं तेच. याच मानकात आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं आहे. आमच्याकडे प्यायला टँकर लागतो, तिथे साइटवर बोअरचं पाणी येतं. ते जिभेला लावलं तरी काही ठिकाणी खारं लागतं. पाण्याचा लॅब रिपोर्ट आहे का, हा प्रश्न विचारायला किती पैसे पडतात? प्रत्येक मोठ्या ओतकामाचे क्यूब भरतात, दीडशे मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे, ते २८ दिवसांनी मशीनमध्ये फोडून ताकद बघतात. त्या रिपोर्टची फाइल बिल्डरकडे असते, असायला हवी. इन्स्पेक्टरने ती मागायची. नसेल तर ‘मागितली, दिली नाही’ असं लिहायचं. कव्हरमीटर नावाचं यंत्र भिंत न फोडता सळई किती खोल आहे ते सांगतं. ओल पकडणारा कॅमेरा या कंपन्या आणतात, कव्हरमीटर आणत नाहीत. कारण त्यावर २२ असा आकडा आला, तर २२ बरा की वाईट हे सांगायला ४५६ वाचलेलं लागतं.

हे खरं की यंत्रांनाही मर्यादा आहेत. रिबाउंड हॅमरने काँक्रीटची ताकद काढली, तर उत्तर पंचवीस टक्के इकडेतिकडे असू शकतं, हे भारतीय मानकच सांगतं. तेव्हा एका ठोक्यावर इमारत नापास करणारा इन्स्पेक्टर मला नको. पण ती पंचवीस टक्क्यांची मर्यादा ठाऊक असणं, हेही कोड येण्यातच मोडतं.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. कंपनीवाले म्हणतात, नियमांचं नाव घेतलं की उद्या कोर्टात उभं राहावं लागेल. मी त्या अहवालावरच्या नंबरवर फोन केला होता. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, ‘सर, कोडचं आमच्याकडे नाही येत हो. आम्ही व्हिज्युअल करतो.’ मी म्हटलं, रेलिंगची उंची व्हिज्युअलच आहे की. तो म्हणाला, ‘हो, पण उंची कमी आहे असं लिहिलं तर बिल्डर आम्हाला पुढच्या वेळी आत सोडत नाही.’ त्याचा मला राग आला नाही, कारण तो खरं बोलला. कोर्ट वगैरे नंतरचं, अडचण गेटवर आहे. घर घेणाऱ्याने पैसे दिलेत, पण गेटची चावी बिल्डरकडे आहे. म्हणून अहवाल दोघांनाही आवडेल असा लिहायचा. ओरखडे भरपूर, जेणेकरून ग्राहकाला आठ हजार वसूल झाल्यासारखे वाटतील. बिल्डरला खरा खर्च पडेल असं काही नाही.

जबाबदारीच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. ‘ही इमारत नियमानुसार आहे’ असं लिहू नका. ‘इथे ८६ मोजले, संहितेत १०० आहे’ असं लिहा. पहिलं प्रमाणपत्र झालं, दुसरी नोंद. नोंद खरी असेल तर कोणतं कोर्ट तुमचं काय करणार आहे?

तिसरा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. जुन्या घरांना आजचे नियम लावू नका. नव्वद सालच्या सोसायटीत जिन्याची पायरी आजच्या संहितेतल्या १९० मिलिमीटरपेक्षा उंच निघाली, तर ती मोडून काढा म्हणणं वेडेपणा आहे. वसई गावातल्या जुन्या कौलारू घरात तर संहितेचं नावही काढू नये. तिथे ‘कोड आमच्या कक्षेत नाही’ ही तळटीप शोभते. पण नवं घर वेगळं. ते आजच्या नियमाखालीच मंजूर झालंय, मंजूर नकाशाप्रमाणे बांधायची जबाबदारी बिल्डरवर रेराने टाकली आहे. नव्या घराच्या बाबतीत नियम हाच करार आहे. कराराची प्रत न वाचता माल तपासायला जाणाऱ्याला आपण काय म्हणतो?

या धंद्याला लायसन्स नाही. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. घराला वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो. रिक्षा चालवायला बॅज लागतो. आणि लाखो रुपयांच्या, वीस वर्षांच्या हप्त्याच्या वस्तूवर ‘उत्तम’ असा शिक्का मारायला एक टी-शर्ट पुरतो. कमीत कमी सिव्हिलचा डिप्लोमा, यूडीसीपीआर, संहिता आणि मुख्य आयएस मानकांवर एक परीक्षा, आणि बिल्डरशी आर्थिक संबंध नसल्याचं शपथपत्र, एवढं महारेराने मागितलं तर आकाश कोसळणार नाही. बिल्डरने ताब्याआधी अशा माणसाला इमारतीत येऊ देणं बंधनकारक करावं, म्हणजे गेटचा प्रश्नही सुटेल. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात मंजूर नकाशा साइटवर लावा, ओसीशिवाय ताबा देऊ नका, बँकांनी दाखला बघूनच कर्ज द्यावं, असं सांगितलंच आहे. मंजूर नकाशा गेटवर लटकणार असेल, तर तो वाचता येणारा माणूसही गेटमधून आत जायला हवा.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो चंदनसारमध्ये सगळ्यात खरा आहे. इथे लोक वन आरके घेतात, चाळीतली खोली घेतात, नोटरीच्या कागदावर घेतात. त्यांना आठ हजारही जड आहेत आणि कोड येणारा माणूस आठ हजारांत येणार नाही. यावर मला शहाणपणाचं उत्तर ऐकवलं जातं, की परवडत नाही त्यांच्यासाठी निदान स्वस्त तपासणी तरी आहे. मला हे पटत नाही. ज्या तपासणीत बीम कापलेला असून ‘गळती नाही’ लिहून येतं, ती स्वस्तातली नाही, फुकट गेलेली आहे. ती न करण्याहून वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो. न तपासलेल्या घरात निदान शंका तरी जिवंत असते.

एका इमारतीत पन्नास घरं असतील, तर कॉलम, बीम, नकाशा, पाण्याचे आणि क्यूबचे रिपोर्ट, ओसी हे पन्नास जणांचं सामाईक आहे. पन्नास जणांनी पन्नास वेळा टाइल वाजवून घेण्यात चार लाख जातात. त्याच्या पाव पैशांत एक परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर दोन दिवस अख्खी इमारत बघेल आणि कव्हरमीटर सोबत आणेल. बुकिंगच्या दिवशीच बिल्डर किंवा एजंट खरेदीदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतो. तिथे गुड मॉर्निंग आणि पार्किंगची भांडणं चालतातच. वर्गणीही तिथेच काढता येते. आम्ही मामेभावाच्या ग्रुपवर ती काढली आहे. बेचाळीस घरांपैकी सतरा जणांनी पैसे भरलेत, नऊ जणांनी ‘बघतो’ लिहिलंय, एकाने विचारलंय की बिल्डर चिडणार नाही ना.